श्रवणयंत्र घेतलं आणि इस्मत पाशांवर बोलले: इंदूरच्या एका केंद्राचा अनुभव

गीता भवन चौकाजवळच्या या केंद्रातून मी दोन्ही कानांसाठी यंत्रं घेतली. कानामागे बसणारं मॉडेल आहे. बारीक वायरीच्या टोकाला असलेला स्पीकर कानाच्या नळीत जातो आणि ३१२ नंबरच्या सेलवर सगळं चालतं. जोडी सव्वा लाखाच्या आसपास पडली. पाचातले चार तारे देतेय. एक का राखून ठेवला ते पुढे येईलच. आधी हे सांगते की इथे पैशाचं बोलण्याआधी माणसाचं ऐकून घेतात. याआधी एका दुकानात गेले होते, तिथे कान न तपासताच ‘माताजी, ये वाला ले जाइए, इस पर आज ही छूट है’ म्हणत डबी पुढे सरकवली होती. मी तशीच जिना उतरले.

मी इतिहास शिकवत असे, आता निवृत्त आहे, रामबागेत राहते. माझी तक्रार अशी, की आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. पुरुषांचं बोलणं बरंचसं समजतं, नातीचं जवळजवळ नाहीच. ती ‘सात’ म्हणाली की ‘हात’, हे तिच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागायचं. इथल्या ऑडिओलॉजिस्ट मुलीने आवाजबंद खोलीत बसवून तपासलं आणि कागदावरचा आलेख माझ्यापुढे धरला. २५० हर्ट्झपासून हजारापर्यंत रेघ ठीक, दोन हजारानंतर उतार, चार हजाराला थेट कडा. स, श, फ, थ यांची ओळख त्या वरच्या पट्टीत असते. म्हणून स्वर पोचतात आणि व्यंजनं गळून जातात. घरच्यांना इतकी वर्षं वाटत होतं की माझं लक्ष नसतं. मी तो कागद घरी नेऊन सगळ्यांना दाखवला.

मग तिने विचारलं, ‘आजी, तुम्हाला नेमकं काय ऐकायचंय? टीव्ही, फोन, देवळातलं कीर्तन?’

मी म्हटलं, ‘व्याख्यानानंतरचे प्रश्न.’

आमच्या वाचक मंडळात विसाव्या शतकातल्या सेनानींवर व्याख्यानं चालू आहेत. मी तुर्कस्तानचे सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले इस्मत पाशा घेतले होते. बोलायला मला अडचण नाही, आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. भीती होती ती नंतरच्या अर्ध्या तासाची. त्या मुलीला मी सांगितलं की ज्यांच्यावर बोलणार आहे त्यांनाही कमी ऐकू यायचं. ती यंत्राच्या वायरीचं माप घेता घेता थांबली. ‘मग ते सेनापती कसे झाले?’

तिला तेव्हा थोडक्यात सांगितलं. इथे सविस्तर लिहिते, कारण ऐकू कमी येऊ लागलं की घरातला माणूस हळूहळू मागच्या खोलीत जाऊन बसतो, आणि अशांनी हे वाचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

इस्मत यांचा जन्म १८८४ चा, इझमीरचा. वडील न्यायखात्यात नोकरीला, त्यामुळे शाळा शिवासला झाली. मग इस्तंबूलच्या तोफखाना विद्यालयातून १९०३ मध्ये आणि स्टाफ कॉलेजमधून १९०६ मध्ये बाहेर पडले, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकाने. लहान चणीचे, सावध, कागदपत्रात पक्के. १९१० च्या सुमाराला त्यांना तेव्हा तुर्की साम्राज्यात असलेल्या येमेनला पाठवलं. तिथे इमाम याह्या या स्थानिक धर्मनेत्याचं बंड मोडून निघत नव्हतं, शेवटी १९११ मध्ये अहमद इज्जत पाशांनी तह केला आणि त्या वाटाघाटींत हा तरुण स्टाफ ऑफिसर होता. युद्धाने जे सुटत नाही ते टेबलाशी बसून, कंटाळा न करता सोडवायचं, याचं शिक्षण त्यांना तिथे मिळालं असं मी मानते. त्यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली मला येमेनमध्येच दिसते.

पहिल्या महायुद्धात आधी रशियाच्या आघाडीवर, नंतर पॅलेस्टाइनमध्ये. ३१ ऑक्टोबर १९१७ ला ब्रिटिशांनी बीरशेबा घेतलं तेव्हा तिथल्या तुर्की तिसऱ्या कोअरचे, म्हणजे काही डिव्हिजनांच्या सैन्याचे, प्रमुख इस्मतच होते. हा पराभव होता. सप्टेंबर १९१८ मध्ये नाब्लुसच्या डोंगरांत मुस्तफा केमाल (पुढचे अतातुर्क) यांच्या हाताखाली ते पुन्हा ब्रिटिश सेनापती अॅलनबीच्या सैन्यासमोर उभे होते, आणि तोपर्यंत त्या सैन्यात हिंदुस्थानी पलटणी मोठ्या संख्येने आल्या होत्या. म्हणजे समोरच्या खंदकांत आपली माणसं होती. याच मोहिमेत जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने हैफा घेतलं, ते आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं. पलीकडे कोण होतं हे सहसा कोणी विचारत नाही.

युद्ध हरल्यावर तुर्कस्तानची वाटणी सुरू झाली आणि पश्चिमेकडून ग्रीक सैन्य आत घुसलं. १९२० मध्ये इस्मत अंकाराला केमालना जाऊन मिळाले आणि इस्तंबूलच्या सुलतानी सरकारने त्यांच्या गैरहजेरीत त्यांना मृत्युदंड सुनावला. अंकाराच्या नव्या सरकारात ते सेनेच्या स्टाफचे प्रमुख झाले, शिवाय पश्चिम आघाडी त्यांच्याकडे आली. जानेवारी १९२१ मध्ये एस्किशेहिरजवळच्या इनोनू गावापाशी त्यांनी ग्रीक सैन्याला पहिल्यांदा थोपवलं. तेव्हा ते कर्नल होते, त्यानंतर पाशा, म्हणजे जनरल, झाले. मार्चअखेर ग्रीक पुन्हा आले. १ एप्रिलला इस्मतनी मेत्रिसतेपेच्या टेकडीवरून तार पाठवली, की बोझुयुक गाव जळतंय आणि शत्रूने हजारो मृतांनी भरलेलं रणांगण आमच्या हाती सोडलंय. केमालनी उत्तरात कळवलं की तुम्ही तिथे नुसत्या शत्रूला नाही, राष्ट्राच्या फिरलेल्या नशिबालाही हरवलंत. १९३४ मध्ये तुर्कस्तानात सगळ्यांना आडनावं घ्यावी लागली तेव्हा याच गावाचं नाव इस्मत यांचं आडनाव झालं.

यंत्राबद्दल. कानात घालून निव्वळ ‘बरं वाटतंय का?’ विचारून इथे सोडत नाहीत. कानात अगदी बारीक नळी घालून, पडद्यापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोचतोय ते यंत्र चालू असताना मोजतात, आणि माझ्या आलेखाप्रमाणे पट्टी-पट्टीचा आवाज लावतात. दुसरीकडे चौकशी केली तर ही मोजणी फार कमी ठिकाणी होते. तुम्ही कुठूनही घ्या, पण ही मोजणी मागा. सुरुवातीचे काही आठवडे आवाज मुद्दाम थोडा कमी ठेवला होता, मग पायरीपायरीने वाढवला. सुरुवातीला भांड्यांचा खणखणाट, पिशवीचा चुरचुराट, स्वतःच्या पावलांचा आवाज, सगळं अंगावर आलं. मुलीने बजावलं होतं, ‘काढून ठेवू नका आजी, मेंदूला सवय व्हायला वेळ द्या.’ ते खरं निघालं.

व्याख्यान झालं. समोर बरीच गर्दी होती, पंख्यांची घरघर, मागे चहाच्या कपांचा आवाज. यंत्रात गर्दीसाठी वेगळा प्रोग्रॅम आहे, बटण दाबलं की समोरचा आवाज पुढे येतो आणि मागचा दबतो. पहिला प्रश्न पहिल्या रांगेतल्या एका काकांचा होता. ‘लोझानला जो कर्झन होता, तो आपला बंगालच्या फाळणीवालाच ना?’

तोच. १८९९ ते १९०५ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय, १९०५ मध्ये बंगाल तोडणारा, आणि १९२२ मध्ये ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री. ज्या माणसापुढे आपले संस्थानिक दरबारात वाकले त्याच्यासमोर २० नोव्हेंबर १९२२ ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानला, तुर्कस्तानशी तह ठरवायच्या परिषदेत, इस्मत बसले. त्याआधी ऑक्टोबरात मुदान्या गावी त्यांनीच युद्धबंदी करून घेतली होती आणि तुर्कस्तानचा युरोपातला भाग, पूर्व थ्रेस, गोळी न झाडता परत मिळवला होता. म्हणून केमालनी ठरवलं की तहालाही हेच जातील. सेनापतीला परराष्ट्रमंत्री करून पाठवलं.

उद्घाटनाला स्विस राष्ट्राध्यक्षांनंतर कर्झन बोलणार होता. इस्मत उठले आणि तेही बोलले. जिंकलेल्या राष्ट्राला बरोबरीचं स्थान हवं, हे पहिल्याच तासात कळवून टाकलं. पुढे महिनोन्महिने कर्झन तासतास भाषणं करी, मुद्द्यांचे डोंगर रचे. इस्मत कानाला हात लावून बसत. नीट ऐकू आलं नाही असं सांगत. पुन्हा सांगायला लावत. मग शांतपणे आपली आधीचीच भूमिका वाचून दाखवत: सार्वभौमत्व, परकीयांना दिलेल्या सवलती बंद. अमेरिकेचा प्रतिनिधी जोसेफ ग्रू तिथे होता. त्याने लिहून ठेवलंय की कर्झन वैतागून इस्मतना म्हणाला, तुम्ही संगीतपेटीसारखे रोज तीच एक धून वाजवता. ४ फेब्रुवारी १९२३ ला कर्झन परिषद मोडून निघून गेला. एप्रिलमध्ये ती पुन्हा भरली तेव्हा ब्रिटनकडून रम्बोल्ड आला. २४ जुलैला सही झाली. सवलती गेल्या. मोसुल प्रांत मात्र हातचा गेला, तो प्रश्न नंतर राष्ट्रसंघाकडे गेला आणि १९२६ मध्ये तो भाग इराकला मिळाला. सगळं मिळालं नाही, पण महायुद्ध हरलेल्या देशांत वाटाघाटी करून तह मिळवणारा हा एकच देश.

हे सांगताना माझा आवाज चढला असेल. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला समोरचा नेहमी घाई करतो. ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणून विषय सोडतो. इस्मतनी घाई करू दिली नाही. ‘पुन्हा सांगा’ हा त्यांचा हक्क आहे असं ते वागले, आणि त्यातून त्यांना विचार करायला वेळ मिळाला. मी मंडळात सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्याही कानात यंत्रं आहेत आणि प्रश्न सावकाश विचारा. तोवर हे फक्त घरच्यांना माहीत होतं. त्या दिवशी व्याख्यानानंतर दोघीजणी या केंद्राचा पत्ता विचारत आल्या.

दुसरा प्रश्न महूहून आलेल्या एका निवृत्त कर्नलसाहेबांचा, सरळ आणि अवघड. ‘बाई, जुलै १९२१ मध्ये क्युताह्या-एस्किशेहिरला हेच इस्मत सपाटून हरले. मग त्यांना आघाडीवर ठेवलं कसं?’ हे मी व्याख्यानात घेतलं होतं पण दोन वाक्यांत. खरं तर तिथे थांबायला हवं. ग्रीकांनी त्यांची फळी मोडली. केमाल स्वतः मुख्यालयात आले आणि त्यांनी सगळं सैन्य साकार्या नदीच्या पूर्वेला मागे घ्यायला सांगितलं. एस्किशेहिर सोडलं. अंकारा हादरलं, तिथल्या राष्ट्रसभेत आरडाओरडा झाला, आणि ५ ऑगस्टला केमालना सरसेनापतीचे अधिकार दिले. स्टाफचं प्रमुखपद फेव्झी पाशांकडे गेलं, इस्मतकडे पश्चिम आघाडी राहिली. २३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर, साकार्याची लढाई बावीस दिवस चालली आणि ग्रीक मागे वळले. पुढच्या वर्षी २६ ऑगस्टला मोठी चढाई झाली, तीत इस्मत पश्चिम आघाडीचे प्रमुख होतेच. कर्नलसाहेबांना मी म्हटलं की लढाईच्या कौशल्यात केमाल त्यांच्या वर होते यात मला शंका नाही. इस्मतना ठेवलं ते या कारणाने, की हरलेलं सैन्य न फुटता, तोफा शक्य तेवढ्या वाचवत मागे आणणारा माणूस टाकून द्यायचा नसतो. साहेबांनी मान हलवली. त्यांचं ‘हो, विड्रॉवल ही सगळ्यात कठीण’ हे पुटपुटणं मला तिसऱ्या रांगेतून स्पष्ट ऐकू आलं. त्या एका पुटपुटण्याने सव्वा लाख वसूल झाले.

खिलाफतीचा प्रश्न आला नाही, याचं मला वाईट वाटलं, कारण तिथे आपला सरळ संबंध आहे. इथे गांधीजी आणि अलीबंधू खिलाफतीसाठी, म्हणजे इस्तंबूलच्या खलिफाचं मुसलमानांचं धर्मप्रमुखपद टिकावं म्हणून, चळवळ करत होते, हिंदुस्थानी मुसलमानांनी जमवलेला पैसा अंकाराला जात होता. १९२३ मध्ये इस्मत पंतप्रधान झाले. त्याच नोव्हेंबरात आगाखान आणि अमीर अली या हिंदुस्थानी मुसलमान पुढाऱ्यांनी लंडनहून त्यांना पत्र लिहिलं, की खलिफाचा मान राखा. ते पत्र त्यांच्या हाती पडण्याआधी इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आलं, संपादकांवर खटले झाले, आणि ३ मार्च १९२४ ला खिलाफतच रद्द झाली. ज्या गोष्टीसाठी आपल्याकडे माणसं तुरुंगात गेली ती तिथल्या सभेने संपवून टाकली.

सैन्यातून ते १९२७ मध्ये जनरल म्हणून निवृत्त झाले. १९३८ मध्ये केमाल गेल्यावर राष्ट्राध्यक्ष. दुसऱ्या महायुद्धात चर्चिल जानेवारी १९४३ मध्ये अदानाजवळ रेल्वेच्या डब्यात त्यांना भेटायला आला, डिसेंबरात कैरोला रूझवेल्ट आणि चर्चिल दोघेही समोर बसले. युद्धात उतरा, असा आग्रह होता. इस्मतनी नाही म्हटलं नाही आणि उतरलेही नाहीत. जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं ते फेब्रुवारी १९४५ मध्ये, सगळं आटोपत आल्यावर. ज्याने रणांगण जवळून पाहिलंय त्यालाच एवढं टाळणं जमतं.

आणि मग तो प्रश्न, शेवटच्या रांगेतल्या एका तरुण मुलीचा, अगदी हळू आवाजात. ‘१९४२ च्या संपत्ती कराबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत.’ यंत्राशिवाय मला यातला ‘कर’सुद्धा कळला नसता. मी सांगितलं. तो कायदा नोव्हेंबर १९४२ चा, इस्मत अध्यक्ष असतानाचा. ग्रीक, अर्मेनियन, ज्यू लोकांवर मुसलमानांपेक्षा कितीतरी पट कर लावला गेला, भरता न आलेल्यांना अश्कालेच्या थंडीत मजुरीला पाठवलं. लोकांना युद्धापासून वाचवणाऱ्या माणसाच्या राज्यात त्याच देशाच्या नागरिकांवर हे झालं. याला सबब नाही, आणि मी दिलीही नाही. याच माणसाने १९५० मध्ये निवडणूक हरल्यावर सत्ता निमूट सोडली आणि विरोधी बाकावर जाऊन बसला, हेही मी सांगितलं. तिने दोन्ही लिहून घेतलं.

आता राखून ठेवलेल्या ताऱ्याबद्दल. गाणं. घरी तंबोऱ्याची कॅसेट लावली तर सूर थरथरायला लागला. आधी वाटलं टेप ओढते. केंद्रात सांगितलं तेव्हा कळलं की यंत्रात शिट्टी रोखणारी सोय असते, आणि एकाच उंचीवर लांब चालणारा सूर तिला शिट्टीच वाटते. हार्मोनियमचंही तेच. इंदूरसारख्या, उस्ताद अमीर खाँच्या गावात हे पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं: आजी, गाणं ऐकता का? तक्रार केल्यावर त्यांनी शिट्टीरोधक बंद असलेला वेगळा संगीताचा प्रोग्रॅम लावून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि आता षड्ज सरळ उभा राहतो. इस्मत पाशांनी येमेनमध्ये ग्रामोफोनवर पाश्चात्त्य संगीत पहिल्यांदा ऐकलं आणि मोठ्या वयात चेलो, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, शिकायला घेतलं. कमी ऐकू येणाऱ्याला संगीत नको असतं असं कुणी धरून चालू नये.

दुसरी तक्रार जिन्याची. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. इथे येणारे निम्मे लोक गुडघेदुखीवाले. सून स्कूटरवर घेऊन जाते तेव्हा वाऱ्याचा फडफडाट होतो, त्यावर यंत्रात काही उपाय नाही, मी स्कार्फ बांधते. सराफ्यात रात्री गर्दीत अजूनही निम्मंच कळतं. त्या मुलीने हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे फसवणूक वाटली नाही.

पावसाळ्यात रात्री यंत्रं सिलिका जेलच्या डबीत ठेवा, डबी तेच देतात. कानातला मळ अडवणारी जाळी बदलायला स्वतः शिका, दोन मिनिटांचं काम आहे. पहिल्या भेटीला घरातलं कुणीतरी बरोबर न्या, ज्याचा आवाज तुम्हाला सगळ्यात कमी कळतो त्याला. मी नातीला नेलं होतं आणि शब्दओळखीची चाचणी तिच्याच आवाजात घेतली. सेलवरचं स्टिकर काढल्यावर लगेच यंत्रात घालू नका, थोडी हवा लागू द्या, जास्त टिकतो. आणि औषधाच्या दुकानात सेल मागताना तपकिरी स्टिकरचा मागा. नारिंगी स्टिकरचा १३ नंबरचा असतो, तो यात बसत नाही.